न दाखवलेल्या गोष्टींचं वर्ष

डिसेंबर उजाडला की वर्षातल्या चांगल्या-वाईट चित्रपटांच्या याद्या निघायला लागतात. मीही दरवर्षी करतो. २०२३ची मात्र राहून गेली, कारण त्या डिसेंबरात मी एका चित्रपटावरून मित्रांशी इतका भांडत होतो की यादीला बसण्याइतकं डोकं शांत नव्हतं. परवा त्या वर्षीची वही हाताला लागली. चित्रपट पाहून आलो की त्याच रात्री काहीबाही खरडून ठेवायची मला सवय आहे: कुणाचं काम आवडलं, जांभई कुठे आली, शेवट पटला का. पानं चाळताना गंमत वाटली. ज्यांच्यावर चार-चार पानं भरली होती ते चित्रपट आज धड आठवतही नाहीत. ज्यांच्या वाट्याला दीड ओळ आली होती ते अजून डोक्यात चालूच आहेत.

तेव्हा ही यादी उशिरा करतोय, आणि उशीर झाला ते बरंच झालं. डिसेंबरात केली असती तर भलतीच झाली असती.

शाळेत बेरीज शिकताना आपण 'हातचा एक' धरायला शिकतो. उत्तराच्या ओळीत तो कुठेच दिसत नाही, पण धरला नाही तर उत्तर चुकतं. २०२३मधले माझ्या मते उत्तम चित्रपट हे असा हातचा धरणारे होते. कथेतली सगळ्यात मोठी गोष्ट त्यांनी पडद्याबाहेर ठेवली आणि तिची बेरीज प्रेक्षकाकडून करून घेतली. वाईट चित्रपटांनी होतं नव्हतं ते सगळं पडद्यावर ओतलं. चर्चा मात्र वर्षभर अशी चालली होती की जो जास्त दाखवतो तो धाडसी, आणि जो हात आखडता घेतो तो भित्रा. माझं भांडण आहे ते या समजुतीशी.

सुरुवात 'ओपनहायमर'पासून करतो, कारण तो बहुतेकांनी पाहिलेला आहे. २१ जुलैला 'बार्बी'च्या जोडीने लागला आणि पुढच्या मार्चमध्ये सात ऑस्कर घेऊन गेला. अणुबॉम्ब बनवणाऱ्या माणसावरचा तीन तासांचा चित्रपट, आणि त्यात हिरोशिमा नाही. १६ जुलै १९४५ची ट्रिनिटी चाचणी, म्हणजे पहिल्या अणुबॉम्बचा स्फोट, आहे. तिथेही आधी नुसता उजेड, मग कुणाच्या तरी श्वासाचा आवाज, आणि धडाक्याची वाट बघून बघून आपण तो विसरायला लागलो की मग तो येतो. पण ज्या शहरांवर बॉम्ब पडले ती शहरं एकदाही दिसत नाहीत. त्याऐवजी दिसतं ते सभागृह. बॉम्ब टाकल्याची बातमी आल्यावर ओपनहायमर आपल्या माणसांपुढे भाषणाला उभा राहतो. लोक आनंदाने पाय आपटताहेत. तो ठरलेली जोरकस वाक्यं म्हणतो आणि मध्येच सगळा आवाज नाहीसा होतो. समोरच्या एका तरुणीच्या चेहऱ्याची कातडी सुटायला लागते. निघताना खाली बघतो तर पाय कोळसा झालेल्या देहात रुतलेला. पुढे एकदा जपानमधल्या विध्वंसाच्या स्लाइड्स दाखवत असतात. कॅमेरा स्लाइड्सकडे वळतच नाही. तो ओपनहायमरकडे बघत राहतो, आणि ओपनहायमरची नजर पडद्यावरून खाली येते.

जपानी माणसांचं पुढे काय झालं यासाठी आणखी काही मिनिटं द्यायला हवी होती, असं दिग्दर्शक स्पाइक ली म्हणाले होते. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. तरी मला वाटतं, स्लाइड दाखवली असती तर आपण हळहळलो असतो आणि हळहळून मोकळे झालो असतो. नजर चुकवणारा माणूस दाखवला की तेवढ्यावर सुटका होत नाही, कारण आपणही काही पाहिलेलं नसतं. मात्र एक गोष्ट चित्रपटाचा दिग्दर्शक ख्रिस्तोफर नोलन याच्या खात्यात उणे धरायलाच हवी. न्यू मेक्सिकोत त्या चाचणीच्या आसपास जी माणसं राहत होती, ज्यांच्या घरादारावर ती राख पडली, त्यांचा या तीन तासांत मागमूस नाही. याला राखून ठेवणं म्हणता येणार नाही. हा सरळ विसर आहे. हिरोशिमाची सावली चित्रपटाच्या प्रत्येक प्रसंगावर पडते, या माणसांची कुठेच पडत नाही.

झाकणं हा आणखी तिसराच प्रकार. भारतातल्या आवृत्तीत एका नग्न दृश्यात नटी फ्लोरेन्स प्यूच्या अंगावर संगणकाने एक काळा पोशाख चढवला होता. परिणाम असा की त्या प्रसंगात दोन माणसं काय बोलताहेत याकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. सगळे तो काळा डाग निरखत बसले.

आता 'द झोन ऑफ इंटरेस्ट'. हा माझ्या मते त्या वर्षातला सर्वोत्तम चित्रपट, आणि तो पुन्हा पाहायची माझी तयारी नाही. दिग्दर्शक जोनाथन ग्लेझरने नाझींच्या ऑशविट्झ छावणीचा प्रमुख रुडॉल्फ होस याचं घर दाखवलंय. घराला मोठी बाग, मुलांना खेळायला पाण्याचा हौद, आणि बागेच्या कडेला एक भिंत. भिंतीपलीकडे छावणी. कॅमेरा भिंत ओलांडून पलीकडे काय चाललंय ते एकदाही दाखवत नाही. पलीकडचं जे काही येतं ते कानांवाटे: कुत्री, गोळीबार, लांबून ओरडणं, आणि सगळ्याखाली कसलीशी अखंड घरघर. ध्वनीसाठीचं ऑस्कर त्या वर्षी याच चित्रपटाला मिळालं, आणि मला आठवतंय तोवर इतकं योग्य ऑस्कर दुसरं नाही. अर्ध्या तासाने आपल्याला ती घरघर ऐकू येईनाशी होते. चित्रपटाचं सगळं म्हणणं तिथे, आपल्याच कानांत घडतं.

एक प्रसंग जवळून सांगतो. होसची बायको हेडविग एक फरचा कोट घेऊन खोलीत जाते. दार लावते, कोट अंगात घालते, आरशासमोर वळून वळून बघते. खिशात हात घालते तर आत लिपस्टिक. आधीच्या मालकिणीची. हेडविग ती थोडी बोटावर घेते, मग ओठांवर लावून बघते, मग पुसून टाकते. एवढंच. कोट कुणाचा, ती बाई कुठे गेली, एक अक्षर नाही. पुढे हेडविगची आई राहायला येते. ती ज्यांच्याकडे साफसफाईला जायची ती ज्यू बाई कदाचित भिंतीपलीकडे असेल, असं सहज बोलून जाते, आणि त्या बाईचे पडदे लिलावात आपल्याला मिळाले नाहीत याची हळहळ करते. पण रात्री धुराड्यांचा लाल उजेड खिडकीतून आत येतो आणि दुसऱ्या दिवशी आई निघून गेलेली असते, चिठ्ठी ठेवून. चिठ्ठीत काय होतं ते आपल्याला कळत नाही. हेडविग ती वाचते आणि जाळून टाकते. मला विचाराल तर त्या वर्षातलं सगळ्यात चांगलं लिहिलेलं पत्र ते.

हेडविग झालेली सँड्रा ह्यूलर त्याच वर्षी 'अॅनाटॉमी ऑफ अ फॉल'मध्येही होती. कान महोत्सवात मेच्या त्या एकाच आठवड्यात जस्टीन त्रिएच्या या चित्रपटाला सर्वोच्च पारितोषिक मिळालं आणि ग्लेझरच्या चित्रपटाला त्याखालचं. एका नटीच्या वाट्याला एका वर्षात असे दोन चित्रपट यावेत हे फार क्वचित घडतं. बर्फाळ डोंगरातल्या घराच्या वरच्या मजल्यावरून नवरा खाली पडून मरतो. बायकोने ढकललं की त्याने उडी मारली? अडीच तास खटला चालतो आणि तो पडतानाचा क्षण आपल्याला कुणीही दाखवत नाही. दिग्दर्शिकेने इथे जे केलंय ते पटकथा शिकणाऱ्यांनी पाटीवर गिरवावं असं आहे. मृत्यूच्या आदल्या दिवशीच्या भांडणाचं ध्वनिमुद्रण कोर्टात वाजवलं जातं. ते वाजू लागताच आपण त्या स्वयंपाकघरात जातो, नवरा-बायको दिसतात, आवाज चढत जातो. आणि मारहाण सुरू होणार त्या क्षणी चित्र काढून घेतलं जातं. आपण पुन्हा कोर्टात. आता नुसते आवाज: काच, धडपड, फटका. कुणी कुणाला मारलं? न्यायाधीशांना जेवढं कळतं तेवढंच आपल्याला. त्या जोडप्याच्या अधू दृष्टीच्या मुलाला सोबत करणारी बाई म्हणते की खात्री होत नसेल तर एक काहीतरी ठरवावं लागतं. मुलगा ठरवतो. मीही ठरवलं, आणि मग दोनदा बदललं.

आता ते डिसेंबरातलं भांडण. 'अॅनिमल' १ डिसेंबरला लागला. ३ तास २१ मिनिटं. माझ्या दोन मित्रांचं म्हणणं, इतकं नागडं, इतकं हिंसक, पुरुषाच्या मनातलं इतकं थेट कुणी दाखवलंय का? हिंमत लागते. मी म्हणालो, पैसे लागतात. त्यावरून जे पेटलं ते महिनाभर विझलं नाही.

आज थंड डोक्याने सांगतो: 'अॅनिमल' हा वाईट दिग्दर्शकाचा चित्रपट नव्हे. मध्यंतरापर्यंत तो धरून ठेवतो. उपेंद्र लिमयेंचा फ्रेडी आला तेव्हा थिएटरात जो आवाज झाला त्यात माझाही होता. माझा आक्षेप रक्ताला नाही, आणि नायक दुष्ट आहे यालाही नाही. दुष्ट नायक मला आवडतात. आक्षेप असा की हा चित्रपट आपल्याला काही करूच देत नाही. बापाच्या प्रेमाला भुकेला मुलगा ही एक अस्सल, दुखरी गोष्ट त्याच्या हातात होती. ती नायक स्वतः बोलून दाखवतो, मग ओरडून दाखवतो, मग माणसं कापून दाखवतो. जखम आहे हे पटलेलं असताना पुन्हा पुन्हा बँडेज सोडून दाखवणाऱ्या माणसासारखं. गंमत म्हणजे सगळ्या चित्रपटात लोकांच्या लक्षात कोण राहिलं? बॉबी देओल. मध्यंतरानंतर कधीतरी उगवणारा, थोडाच वेळ असणारा, आणि मुका. ज्याला बोलता येत नाही तेवढाच माणूस आपल्याला विचार करायला जागा देतो. हे दिग्दर्शकाला कळलं असावं असं वाटेपर्यंत शेवट येतो, श्रेयनामावली येते, आणि तिच्यानंतर पुन्हा रक्त. थांबणं त्याच्याकडून झालंच नाही.

तरी तो माझ्या यादीत तळाला नाही. तळाला 'द फ्लॅश' हा हॉलिवूडचा सुपरहिरोपट आहे.

जूनच्या एकाच आठवड्यात 'द फ्लॅश' आणि 'आदिपुरुष' लागले. 'आदिपुरुष'बद्दल सगळ्यांनी सगळं बोलून झालंय. टीझरवर टीका झाल्यावर दृश्यं सुधारायला काही महिने घेतले, मग प्रदर्शनानंतर संवाद बदलले. पडलेल्याला आणखी लाथ मारण्यात मला रस नाही. 'द फ्लॅश' मात्र साधा फसलेला चित्रपट नव्हता. सुरुवातीला कोसळत्या इस्पितळातून तान्ही बाळं हवेत खाली येताहेत आणि नायक त्यांना झेलतोय. ती बाळं इतकी रबरी की थिएटरात हशा पिकला. दिग्दर्शकाचं म्हणणं पडलं की विचित्र दिसावं असंच योजलं होतं. ठीक आहे, सोडून देऊ. पण शेवटाकडे वेगवेगळ्या विश्वांचे गोळे एकमेकांवर आदळतात आणि त्यांच्यात जुने सुपरमॅन दिसतात. जॉर्ज रीव्हज, १९५९ साली वारलेले. ख्रिस्तोफर रीव्ह, २००४ साली वारलेले. संगणकाने घडवलेले चेहरे, मेणासारखे, कुठेतरी बघत उभे. कथेत त्यांचं काम काही नाही. प्रेक्षकाने 'ओळखलं!' म्हणून सुखावावं एवढ्यासाठी.

मला त्या दिवशी शिसारी आली, आणि शब्द मोठा आहे हे ठाऊक असूनही तो मागे घेत नाही. माणूस गेला की त्याची जागा रिकामी होते. ती रिकामी जागाही चित्रपटाकडे असलेला एक हातचा असतो. तिच्याकडे बोट दाखवलं तरी प्रेक्षकाच्या घशात काहीतरी दाटतं. ती भरून काढली की उरतो तो पुतळा. योगायोग असा की महिन्याभरात, १४ जुलैला, हॉलिवूडचे नट संपावर गेले. संप ११८ दिवस चालला आणि त्यातला एक मोठा मुद्दा हाच होता: नटाच्या चेहऱ्याची संगणकी प्रतिकृती कुणी, कधी, कुणाच्या संमतीने वापरायची. करारातली कलमं वकील बघतील. प्रेक्षक म्हणून माझा प्रश्न संमतीच्याही पलीकडचा आहे. संमती मिळाली तरी ते कशासाठी बघायचं?

'इंडियाना जोन्स'च्या त्या वर्षीच्या भागातही हेच. ऐंशीच्या घरातल्या हॅरिसन फोर्डचा चेहरा सुरुवातीला बराच वेळ तरुण करून दाखवलाय. चेहरा चाळिशीतला, आवाज ऐंशीचा, आणि पळताना पाय आणखी कुणाचेतरी. मग कथा १९६९मध्ये येते. शेजारच्यांच्या गाण्याने झोपमोड झालेला म्हातारा प्रोफेसर चड्डीवर तणतणत उठतो. ते सैल झालेलं उघडं अंग पाहिल्यावर गेली चाळीस वर्षं आपोआप डोळ्यांपुढून सरकली. आधीच्या सगळ्या खर्चिक तारुण्याची गरजच नव्हती.

आता माझ्याच म्हणण्याला छेद देणारी उदाहरणं, कारण ती आहेत. 'जवान' काहीही राखून ठेवत नाही. शाहरुख खान शेवटी सरळ कॅमेऱ्यात बघून मतदारांना बोट दाखवून प्रश्न विचारतो. आणि तरी मला तो आवडला. तो तमाशाच्या फडासारखा आहे. प्रेक्षकाशी थेट बोलणं हा त्याचा पिंडच आहे, आणि तो ते लपवत नाही. 'आत्मपॅम्फ्लेट' तर सतत बोलतो. आशिष बेंडेचा हा चित्रपट म्हणजे शाळकरी मुलाच्या प्रेमाची गोष्ट, आणि निवेदकाचा तोंडाचा पट्टा पहिल्यापासून शेवटपर्यंत चालू. पण तो ज्या हलक्या आवाजात मुलीबद्दल बोलतो त्याच हलक्या आवाजात जातीबद्दल आणि दंगलींबद्दलही बोलतो. आपण हसतो आणि मग हसल्याचं आपल्यालाच खटकतं. बडबडीआड लपवणं हाही हातचाच. परेश मोकाशींच्या लेखणीला ही खोड जुनी आहे.

स्कॉर्सेसीच्या 'किलर्स ऑफ द फ्लॉवर मून'पाशी मात्र मी अजून अडतो. २०६ मिनिटं, आणि अमेरिकेतल्या ओसेज या मूळनिवासी लोकांचे खून एकामागून एक सपाट, लांबून, स्पष्ट दाखवलेले. कुणी मारलं हे पहिल्या तासातच ठाऊक होतं, रहस्य काही नाही. गोष्ट मारणाऱ्या नवऱ्याच्या बाजूने सांगितली, त्याच्या ओसेज बायकोच्या, मॉलीच्या बाजूने नाही, हे ओसेज भाषेसाठी चित्रपटाला मदत करणाऱ्या ओसेज सल्लागारानेच प्रीमियरला बोलून दाखवलं होतं. मला ते पटतं. मॉली झालेल्या लिली ग्लॅडस्टोनच्या डोळ्यांत जे चाललंय ते बघायला आणखी एक तासही मी बसलो असतो. पण शेवट! खुनांची कहाणी अचानक रेडिओवरचा करमणुकीचा कार्यक्रम होते, नकली आवाज, नकली पावलं. आणि मग म्हातारा स्कॉर्सेसी स्वतः माइकपुढे येतो, मॉलीच्या निधनाची छापून आलेली बातमी वाचतो आणि सांगतो की त्यात खुनांचा उल्लेख नव्हता. साडेतीन तास आपण जे पाहिलं ते त्या बातमीत वगळलेलं होतं. मी दाखवतोय खरं, पण हे दाखवण्याचा हक्क मला कितपत, असं तो विचारतोय, असं मला वाटलं. उत्तर त्याच्याकडेही नसावं.

'ट्वेल्थ फेल'बद्दल दोन शब्द, नाहीतर राग येईल लोकांना. विक्रांत मॅसीचं काम उत्तम, पुढे राष्ट्रीय पुरस्कारही मिळाले. मी रडलो, बाहेर आलो, आणि त्यानंतर त्याचा विचार केला नाही. आकी कौरिस्माकीचा 'फॉलन लीव्ह्ज' फक्त ८१ मिनिटांचा. दोन एकट्या माणसांची गोष्ट, युद्ध चालू आहे ते नुसतं रेडिओवर. तो अधूनमधून आठवतो.

शेवटी दोन चित्रपट, जे मी एकमेकांशेजारी ठेवून बघतो. नोव्हेंबरात आलेला अविनाश अरुणचा 'थ्री ऑफ अस' आणि सेलीन साँगचा पहिलाच चित्रपट 'पास्ट लाइव्ह्ज'. दोन्हींत लहानपणी दुरावलेले दोघं अनेक वर्षांनी भेटतात, आणि दोन्हींत बाईचा नवरा सोबत असतो. 'थ्री ऑफ अस'मधली शैलजा स्मृती जायला लागलीये म्हणून, सगळं पुसलं जायच्या आत, वेंगुर्ल्याला जाऊन येते. शेफाली शाह आणि जयदीप अहलावत मोठ्या पाळण्यात बसून बोलतात तेव्हा ते जे बोलतात त्यापेक्षा पाळणा वर थांबतो तेवढा वेळच जास्त सांगून जातो. अशा गोष्टीत नवऱ्याला खलनायक करणं सगळ्यात सोपं. स्वानंद किरकिरेंनी त्या साध्यासुध्या नवऱ्याला जे अवघडलेपण दिलंय ते मला त्या वर्षीच्या कुठल्याही पुरस्कारापेक्षा मोठं वाटतं. 'पास्ट लाइव्ह्ज'मधला नवरा रात्री बायकोला सांगतो की तू झोपेत फक्त कोरियनमध्ये बोलतेस. म्हणून तो कोरियन शिकतोय. तिच्या आत एक जागा आहे जिथे त्याला जाता येत नाही.

त्या चित्रपटाच्या शेवटी ती आपल्या बालमित्राला गाडीपर्यंत सोडायला जाते. गाडी यायला दोनेक मिनिटं आहेत. दोघं समोरासमोर उभे. कुणी काही बोलत नाही, कुणी पुढे होत नाही. गाडी येते, तो जातो. ती रस्त्याने एकटी चालत घराकडे परत येते. नवरा घराबाहेर वाट बघतोय.

वहीत त्या रात्री मी एवढंच लिहिलंय: 'नवरा पायरीवर बसून होता.' खालचं पान कोरं आहे.